गर्दी नाही म्हणजे रीफ जिवंत आहे असं नाही

आमच्या ठाण्याच्या भटक्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकाने फोटो टाकला. पाण्याखाली पांढरंशुभ्र फांद्याफांद्यांचं प्रवाळ, अगदी गणपतीच्या मखरातलं थर्माकोल वाटावं असं, आणि खाली लिहिलेलं, 'चिटपाखरू नाही बघा, किती क्लीन आहे, यंदा स्कूबाला हेच बुक करू.' धडाधड बदाम पडले. मी लिहिलं, अरे ते प्रवाळ उपाशी आहे, मरायला टेकलंय. तर लगेच 'आले शास्त्रज्ञ' सुरू. म्हटलं आता नीट सविस्तरच लिहितो.

प्रवाळ हा दगड नाही, झाड नाही, प्राणी आहे, एवढं शाळेत झालंय. एकेक पॉलिप, म्हणजे एकेक सुटा प्राणी, बहुतेक वेळा काही मिलिमीटरचा, स्वतःच बांधलेल्या चुन्याच्या वाटीत बसलेला (अशा वाट्या साचून झालेला खडक म्हणजे रीफ), आणि अंग जवळपास पारदर्शक. मग रंग कुठून येतो? ऐरोलीला बोटीतून आपण फ्लेमिंगो बघायला जातो ना, त्यांचा गुलाबी रंग खाल्लेल्या शेवाळातून आलेला असतो, म्हणजे उधारीचाच. प्रवाळ एक पाऊल पुढे, त्याने सूक्ष्म शेवाळ खाऊन संपवलं नाही तर पेशींच्या आत बिऱ्हाड थाटून दिलं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास बिऱ्हाडं. हे शेवाळ उन्हात साखर बनवतं आणि बरीचशी घरमालकाला देतं, प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भागू शकते यातून.

आता माझा आवडता भाग, जरा लांबेल. संध्याकाळी साडेसातचं ठाणे स्टेशन डोळ्यासमोर आणा. लोकल येतायत, माणसं ओततायत, आणि ती पुलावरून निघून जातायत म्हणून सगळं चाललंय. शेवाळाच्या आत सूर्यप्रकाश म्हणजे लोकल आणि इलेक्ट्रॉन म्हणजे पॅसेंजर. पूल म्हणजे कार्बन डायऑक्साइडची साखर करणारी एन्झाइमांची साखळी, तीच हे इलेक्ट्रॉन वापरून टाकते. पाणी तापलं की हा पूल ढेपाळतो, शिवाय फोटोसिस्टीम टू नावाच्या प्लॅटफॉर्मवर डी-वन नावाचं एक प्रोटीन असतं, ते उन्हात सतत तुटतं आणि सतत दुरुस्त होत असतं, त्याचीही दुरुस्ती मागे पडते. पण सूर्य थोडाच थांबतोय, लोकल येतच राहतात! मग जी रेटारेटी होते त्यात सुटे इलेक्ट्रॉन शेजारच्या ऑक्सिजनला चिकटतात आणि त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जहाल मंडळी तयार होतात, जी शेवाळाबरोबर प्रवाळाच्या पेशीही पोळायला लागतात. शेवटी प्रवाळ शेवाळाला बाहेर काढतो. ब्लीचिंगचं, म्हणजे प्रवाळ असं पांढरं पडण्याचं, सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण हे असं आहे. अंग पुन्हा पारदर्शक झालं की खालचा चुना दिसतो, फोटोतला पांढरा रंग तोच. काही जाती या काळात जांभळ्या-निळ्या निऑन रंगात चमकतात, ते उन्हापासून बचावाचं रंगद्रव्य, आणि लोक त्यालाही 'वॉव' म्हणतात. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शेवाळ परत वाढतं, नाहीतर प्रवाळ मरतं आणि सांगाड्यावर तपकिरी-हिरवी लव चढते.

हे व्हायला किती तापायला लागतं? त्या जागेच्या नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा एखादा अंश जास्त, पण टिकून. म्हणून अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहावरून नुसतं तापमान नाही तर साठलेली उष्णता मोजते, 'डिग्री हीटिंग वीक्स'. दोन अंश जास्त एक आठवडा राहिलं तर हिशोबात दोन, असं मागच्या १२ आठवड्यांचं, आणि एक अंशाच्या खालचं धरतच नाहीत. चारला ब्लीचिंग, आठला मरायला सुरुवात. इशाऱ्याच्या पायऱ्या पूर्वी दोनपर्यंतच होत्या, २०२३ च्या शेवटी पाचपर्यंत वाढवाव्या लागल्या. आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं ब्लीचिंग जाहीर झालं. हे नकाशे फुकट बघायला मिळतात, आपण मात्र हॉटेलचा नाश्ता कसा आहे ते बघून बुकिंग करतो.

आता मुद्द्याचं. लांबचं, निर्मनुष्य बेट उष्णतेपासून वाचत नाही. २०१६ ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचा उत्तरेचा भाग सगळ्यात जास्त होरपळला आणि तोच सगळ्यात कमी माणसांचा होता. आपल्या लक्षद्वीपला तर परमिटशिवाय पाय ठेवता येत नाही, तरी अगत्ती, कदमत, कवरत्तीला १९९८ पासूनच्या २४ वर्षांत जिवंत प्रवाळ साधारण ३७ टक्क्यांवरून २० च्या खाली आलं. गर्दीचा त्रास वेगळा, पायातल्या फिन्सचा फटका, उडवलेली वाळू, नांगर. लाल समुद्रातल्या अभ्यासातून एका साइटला वर्षाला पाच-सहा हजार डाइव्ह ही साधारण मर्यादा पुढे आली होती. दिवाळीत आणि ३१ डिसेंबरला मालवणची रांग बघितली असेल तर गणित करायची गरज नाही.

म्हणून ऑपरेटरला विचारायचं ते असं: हा फोटो कुठल्या महिन्यातला, बोट नांगर टाकते की कायमच्या तरंगत्या बोयाला बांधते, एका गाइडमागे किती जण. तो फोटोची तारीख सांगायला टाळाटाळ करत असेल तर समजून जा. पाण्यात गेल्यावर पोपटमासे शोधा, ते लव खरवडून खातात म्हणून प्रवाळाच्या नव्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते. पाच रुपयांच्या नाण्याएवढी छोटी प्रवाळं दिसली तर रीफ सावरतंय. आणि श्वास सोडून झाला की क्षणभर कान द्या. अंदमानातल्या नील बेटाला मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा वाटलं रेग्युलेटर, म्हणजे तोंडातलं श्वासाचं यंत्र, बिघडलाय, फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज, सगळीकडून, थांबेचना. इन्स्ट्रक्टरने वर आल्यावर सांगितलं, कोळंबीची एक जात नांगी आपटून बुडबुडा फोडते, त्याचा आवाज. मेलेल्या रीफवर ही तडतड सहसा मंदावते.

जाता जाता, तो फोटो टाकणारा मित्र बोटात पोवळं घालतो, मंगळ शांत राहावा म्हणून. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्राकडचं, रीफ बांधणाऱ्यांचं लांबचं नातेवाईक, त्याच्यात हे शेवाळही राहत नाही. मंगळ शांत आहे की नाही माहीत नाही, समुद्र तापलाय. आणि डाइव्हवरून प्रवाळाचा तुकडा 'आठवण' म्हणून खिशात घालू नका, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

सध्या ठरतंय ते फेब्रुवारी, नील, सहा जण, शनिवार-रविवार सोडून. शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यात किमान १८ तास ठेवायला सांगितलेत, रक्तातला नायट्रोजन निघायला वेळ लागतो म्हणून. त्यावर ग्रुपवर पहिला प्रश्न आला, 'मग ते १८ तास हॉटेलचं भाडं कोण देणार?'