सोंगांचं गाव

माझ्या फोटोंत पुरुष नऊवारी नेसून वाड्याच्या चौकात उभे असतात. हे खूळ परदेशातलं, असं अनेकांना वाटतं. ते मुळात नाशिकच्या पांडवलेण्यांतलं आहे.

त्रिरश्मी डोंगरावरच्या २४ लेण्यांपैकी तिसरं माझं सर्वांत आवडतं. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी ते दान दिलं. ओसरीखाली यक्ष कोरलेत, जमिनीतून अर्धे वर आलेले, खांद्यावर तुळया पेलणारे. अखंड कातळाला तुळई लागतेच कशाला? पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी इमारती होत्या. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी भागातही लाकूडकामच दगडात उतरलंय. टिकणाऱ्यानं कुजणाऱ्याचं सोंग घ्यायचं, आणि तेही दोन हजार वर्षं निभवायचं!

त्याच डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. दादासाहेब १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी केली, रविवर्म्याच्या छापखान्यातही काम केलं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना नटी मिळेना, कोठ्यांवरूनही नकार आला. शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले आचारी. नाटकाच्या प्रेक्षकांना त्यात वावगं काही वाटलं नसणार. त्या काळात घरंदाज बायका बालगंधर्वांसारख्या नटायच्या.

मग फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि इथे ‘मोहिनी भस्मासुर’ केला. विष्णू बाई होतो ती कथा, आणि नेमकी तिथे मोहिनी झाली खरी बाई: कमलाबाई गोखले. पार्वती त्यांची आई, दुर्गाबाई कामत. म्हणजे राणीचं काम आचाऱ्याकडे आणि विष्णूचं रूप एका मुलीकडे. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंके राम आणि सीता दोन्ही. फाळक्यांचं नाव नाशिकमध्ये सगळेच घेतात; साळुंक्यांचं कुणी घेतलेलं मला क्वचितच ऐकू येतं.

क्वीअर कला, म्हणजे समलिंगी किंवा चाकोरीबाहेरच्या लैंगिकतेची कला, म्हणून जे पहिल्यांदा पाहिलं ते चित्रकार भूपेन खख्खरांचं. मुंबईत जन्मलेले, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, १९६२च्या सुमारास बडोद्याला गेलेले. त्यांची सुरुवातीची कोलाज बाजारातल्या देवांच्या छापील चित्रांची होती, म्हणजे रविवर्म्याच्या छापखान्यानं घरोघर पोचवलेल्या देवांच्याच गोतावळ्यातली. १९८१च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये एक नागडा माणूस बाल्कनीतून खाली बघतोय, खाली बाप, मुलगा आणि गाढवाची आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट चालली आहे.

वास्तू आणि देह एका चौकटीत कसे आणायचे, हे मात्र छायाचित्रकार सुनील गुप्तांकडून घेतलं. १९८६-८७च्या ‘एग्झाइल्स’ मालिकेत त्यांनी दिल्लीतले समलिंगी पुरुष हुमायूनची कबर, इंडिया गेट अशा ठिकाणी उभे केले. काहींचे चेहरे दिसतच नाहीत. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पूर्ण जोरात होतं. प्रौढांच्या सहमतीच्या संबंधांवरचा त्याचा बडगा गेला ६ सप्टेंबर २०१८ला. जुन्या नाशकातल्या वाड्यांत माझ्यासमोर उभे राहणाऱ्यांपैकी काही जण आजही पाठमोरेच राहतात, कारण घरमालक ओळखेल. मी त्यांना वळायला सांगत नाही.