तफावत वेगळी, विरोध वेगळा: जुन्या अत्याचाराची साक्ष अपिलात

समजा, गोव्यात पेडण्यातली एक बाई पस्तिशीत फिर्याद देते, की लहानपणी घरातल्याच माणसाने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. पोलिसांकडच्या जबाबात ती म्हणते, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी होती, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली होती. पुढे कोर्टात उलटतपासणीत तिच्या तोंडून शिगमा, म्हणजे होळीच्या दिवसांतला सण, निघतो. बाई खोटं बोलते, असं ऐकणाऱ्यांना लगेच वाटतं.

ही झाली तफावत. सण बदलला, माणूस, खोली आणि त्याने केलेलं कृत्य तेच राहिलं. विरोध वेगळा. जबाबात एकाचं नाव, साक्षीत दुसऱ्याचं. किंवा ज्यावर गुन्हा उभा आहे ती गोष्ट जबाबात मुळीच नाही आणि कोर्टात पहिल्यांदाच येते. वकील त्याला ‘ओमिशन’ म्हणतात. गाळलेली गोष्ट तितकी महत्त्वाची असेल तर कायद्याने तीही विरोध ठरू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये भरवाडा भोगीनभाई खटल्यात सांगितलं, की साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी असेल अशी अपेक्षा धरू नये. मात्र ठाम आठवणही चुकू शकते, हे मान्य करायलाच हवं. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. ज्यांना विचारताना टकरीसाठी जोरकस शब्द वापरला, त्यांच्यातल्या जास्त जणांना आठवड्याने फुटलेल्या काचा आठवल्या. फिल्ममध्ये तशा काचा नव्हत्याच.

गोव्यात यात भाषेची भर पडते. बाई कोंकणीत सांगते, कागदावर बहुतेकदा इंग्रजी उतरतं. तफावत तिच्या आठवणीत नसून लिहिणाऱ्याच्या हातात असू शकते.

पर्वरीला उच्च न्यायालयात अपील जातं तेव्हा बाई समोर नसते, असतो तो हा कागद. शिक्षेविरुद्धच्या अपिलात सगळा पुरावा नव्याने तपासता येतो. निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात मात्र दोन निष्कर्ष वाजवी असतील तर सुटका सहसा कायम राहते. खालच्या कोर्टाने तफावतीलाच विरोध समजून आरोपीला सोडलं, तर वर ते दुरुस्त करून घेणं फार जड जातं.

त्यात सत्र न्यायालयात साक्ष सहसा सलग निवेदनासारखी लिहितात. प्रश्न गळतो, उत्तर तेवढं उरतं. न्यायाधीश हवं तर प्रश्नोत्तरं जशीच्या तशी नोंदवू शकतात. अशा खटल्यांत ती नोंदवावीतच, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. शिगमा हा शब्द बाईने आपणहून काढला, की वकिलाच्या प्रश्नातून तिच्या उत्तरात आला, हे अपील वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.