बंदुकीचा परवाना: ‘देता येईल’ आणि ‘द्यावाच लागेल’

अमेरिकेत कुठं गोळीबार झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, “तिकडं काय, भाजी आणावी तशी बंदूक आणतात.” दुसरं जरा माहीतगाराचं: “तसं नाही रे, काही राज्यं कडक, काही सैल. कडक ती मे-इश्यू, सैल ती शॅल-इश्यू.” (मे-इश्यू म्हणजे परवाना ‘देता येईल’, शॅल-इश्यू म्हणजे ‘द्यावाच लागेल’.) पहिल्या वाक्याला उत्तर देणं मी कधीच सोडलं. दुसरं मात्र डोक्यात जातं, कारण ते शहाणपणाच्या सुरात सांगितलं जातं आणि साफ चुकीचं आहे. मी न्यू जर्सीत राहतो, माझ्याकडे परवाना आहे, आणि मी कुठल्या बाजूचा आहे ते पुढं कळेलच. लपवायचं काही कारण नाही.

आधी एक किरकोळ गोष्ट उरकतो. इथं बोलणं चाललंय ते बंदूक विकत घेण्याच्या किंवा घरात ठेवण्याच्या परवान्याबद्दल नाही. घरात ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2008 च्या हेलर निकालात मान्य केला आणि 2010 च्या मॅकडोनल्ड निकालात तो राज्यांनाही लागू केला. मे आणि शॅलचं भांडण आहे ते भरलेलं पिस्तूल अंगावर घेऊन घराबाहेर पडण्याच्या परवान्याचं.

मे-इश्यू म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको, आपण त्यातच वाढलो. जिल्ह्यात असाल तर कलेक्टर कचेरी, मुंबई-पुण्यात पोलीस आयुक्तालय. माझ्या मामांना शेतात रानडुकरांचा त्रास होता म्हणून बारा बोअरची बंदूक हवी होती. अर्ज, पोलीस चौकशी, तलाठ्याचा दाखला, सगळं झालं. शेवटी टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, “गावात बाकीच्यांची पिकं नाहीत का? त्यांना नको, मग तुम्हालाच कशाला हवी?” मामांकडे याला उत्तर नव्हतं. फाइल तिथंच राहिली.

‘तुम्हालाच कशाला?’ हा प्रश्न विचारायचा अधिकार म्हणजे मे-इश्यू. एवढंच. कडकपणा, शुल्क, वर्ग, ठसे, नेमबाजीची परीक्षा यांचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि लोक अडकतात ते नेमकं इथंच. शॅल-इश्यूमध्येही अटी असतात, कधी कधी भरपूर असतात. पण त्या आधी लिहून ठेवलेल्या असतात, सगळ्यांना सारख्या असतात, आणि पूर्ण केल्या की अधिकाऱ्याच्या हातात नाही म्हणण्यासारखं काही उरत नाही. आरटीओ आठवा. तिथं डोळे तपासतील, आठचा आकडा काढायला लावतील, नापासही करतील. पण “तुम्हाला गाडी चालवून जायचंय कुठं? एसटी आहे की!” असं कुणी म्हणत नाही. नाकारायचं तर कारण त्यांनी द्यायचं. मे-इश्यूत कारण तुम्ही द्यायचं, आणि ते पुरेसं आहे की नाही हे समोरच्यानं ठरवायचं.

म्हणून कडक-सैल ही फूटपट्टी फेकून द्या. इलिनॉय 2013 पासून शॅल-इश्यू आहे आणि तिथं सोळा तासांचं प्रशिक्षण लागतं. उलट कनेक्टिकटचा कायदा कागदावर अधिकाऱ्याला मुभा देत होता, पण व्यवहारात पात्र माणसाला परवाना मिळत असे. कायद्यातलं क्रियापद पाहूनही फसू नका. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 काढून बघा, परवाना ‘देईल’ असंच लिहिलंय, शॅल! फक्त पुढं शेपूट आहे: पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या बाबतीत अर्जदाराकडे योग्य कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर. म्हणजे शब्द शॅलचा आणि कारभार मेचा.

न्यूयॉर्कनं 1911 मध्ये सलिव्हन कायदा केला आणि 1913 पासून बाहेर बाळगण्यासाठी ‘योग्य कारण’ मागायला सुरुवात केली. न्यू जर्सीत त्याला ‘समर्थनीय गरज’ म्हणत, मेरीलँडमध्ये ‘चांगलं आणि भरीव कारण’. जर्सीत याचा अर्थ असा होता की तुम्हालाच उद्देशून ठोस धमकी किंवा आधी झालेला हल्ला दाखवा, आणि धोका दुसऱ्या कुठल्याही मार्गानं टळत नाही हेही दाखवा. वस्तीत चोऱ्या वाढल्यात, रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन एकटं घरी जावं लागतं, हे चालत नसे. ते तर सगळ्यांचंच आहे ना, तुम्हालाच कशाला? मामा आठवले ना?

अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणारी व्यवस्था कुणाच्या सोयीची असते, हे सांगायला मला 1956 चं अलाबामा पुरतं. माँटगोमेरीत मार्टिन लूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी तो नाकारला. ज्याच्या व्हरांड्यात स्फोट झालाय त्याचं कारण पुरेसं नसेल, तर पुरेसं कारण म्हणजे काय? आणि अलाबामाला आज कुणी ‘कडक’ राज्य म्हणेल का? तिथल्या कायद्यातला ‘मे’ जाऊन ‘शॅल’ आला तो थेट 2013 मध्ये.

ही जुनी गोष्ट वाटत असेल तर सिलिकॉन व्हॅलीतल्या आपल्या मंडळींनी स्वतःच्या काउंटीकडे पाहावं. सांता क्लारात परवाना देण्याचा अधिकार शेरिफचा, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ज्युरीनं तिथल्या शेरिफला गैरवर्तनाच्या आरोपांत दोषी ठरवलं, आणि त्यातले बरेचसे आरोप ओळखीपाळखीच्या लोकांना परवाने दिल्याचेच होते. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्यातही परवान्यांसाठी लाच घेतल्याची प्रकरणं गाजून गेली. आपल्याकडच्या कचेऱ्या पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. नवल याचं वाटतं की तोच माणूस इथं येऊन “अधिकाऱ्यानं विचारलं तर बिघडलं कुठं?” म्हणतो.

23 जून 2022 ला सर्वोच्च न्यायालयात न्यूयॉर्कच्या याच अटीविरुद्धच्या ब्रुएन खटल्याचा निकाल लागला, सहा विरुद्ध तीन. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला. ‘योग्य कारण’ मागणं घटनाबाह्य. त्या वेळी त्रेचाळीस राज्यं आधीच शॅल-इश्यूसारखी चालत होती. निकालानं त्यांना हात लावला नाही. प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, ठसे यांनाही नाही. ‘न्यायालयानं सगळे नियम उडवले’ असं सांगत फिरणाऱ्यांनी (यात आमच्या बाजूचे उत्साही वीरही आले) एकदा निकालातली याबद्दलची तळटीप वाचावी. माझंही अटींशी वैर नाही. 2024 मध्ये रहिमी खटल्यात न्यायालयानं आठ विरुद्ध एक असं सांगितलं की घरगुती हिंसेच्या प्रकरणात कोर्टानं धोकादायक ठरवलेल्या माणसाकडून हत्यार काढून घेता येतं. मला ते पटतं. तिथं सुनावणी झालेली असते, निष्कर्ष लिहिलेला असतो. टेबलापलीकडच्या माणसाचा मूड नसतो.

मग राज्यांनी काय केलं? दार बंद झालं तशी खिडकी शोधली. न्यूयॉर्कनं आठवड्याभरात नवा कायदा केला: कारण विचारणार नाही, पण तुमचं ‘चारित्र्य चांगलं’ आहे का ते बघू, आणि त्यासाठी तीन वर्षांतली सोशल मीडियाची खातीही दाखवा. खात्यांची अट अपील न्यायालयानं रोखली, चारित्र्याची राहू दिली. चारित्र्य कोण ठरवणार? तोच टेबलापलीकडचा माणूस. शिवाय परवाना घेऊनही जिथं जाता येत नाही अशा जागांची यादी आली, त्यात अख्खा टाइम्स स्क्वेअर. मॅनहॅटनचं आख्खं बेट ‘संवेदनशील’ म्हणून घोषित करता येणार नाही, असं निकालात आधीच लिहिलेलं असताना!

न्यू जर्सीनं डिसेंबर 2022 मध्ये शुल्क दोनशे डॉलर केलं, दर दोन वर्षांनी. आणि चार प्रतिष्ठित माणसांची शिफारस मागितली: नात्यातली नकोत, किमान तीन वर्षांची ओळख हवी. परदेशात नात्याबाहेरची चार माणसं म्हणजे आमच्यासाठी मराठी मंडळच. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन मी चौघांना गाठलं. पहिल्या तिघांनी एकच विचारलं, “अरे, पण तुला कशाला हवी?” सरकारला जो प्रश्न विचारायला बंदी झाली, तो सरकारनं माझ्या मित्रांकरवी विचारून घेतला. चौथे देशपांडे काका. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि “कुठं सही करू?” एवढंच म्हणाले.

राहता राहिला तिसरा प्रकार, ज्याची शॅल-इश्यूशी हमखास गल्लत होते: परवान्याविना बाळगणं. व्हरमाँटमध्ये परवाना कधी नव्हताच. अलास्कानं 2003 मध्ये, ॲरिझोनानं 2010 मध्ये, टेक्ससनं 2021 मध्ये अट काढली. 2024 पर्यंत अशी एकोणतीस राज्यं झाली. शॅल-इश्यूत परवाना असतो, फक्त तो अडवता येत नाही. इथं परवाना लागतच नाही. तरी ‘कुणीही’ बाळगू शकतो हे खोटं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला संघीय कायदा टेक्ससमध्येही आडवा येतोच.

फ्लोरिडानं 2023 मध्ये अट काढली, तरी परवाने देणं चालू ठेवलं आणि लोक अजूनही घेतात, कारण दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो कागद कामाला येतो. सगळ्या राज्यांत नाही. पेनसिल्व्हेनियाचा परवाना खिशात घेऊन, फिलाडेल्फियातून बेन फ्रँकलिन पूल ओलांडून कुणी पिस्तुलासकट माझ्याकडे जेवायला आलं, तर पुलाच्या फिलाडेल्फियाकडच्या बाजूला ते कायद्याला धरून असतात आणि जर्सीकडच्या बाजूला गुन्हेगार. येणाऱ्या पाहुण्यांना मी हे फोनवरच सांगतो, पत्त्याच्या आधी.