राजाची मेजवानी आणि जवसाचे तेल

ऑगस्ट १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज जहाजाने एडिनबराला आला. गादीवर असलेल्या राजाने स्कॉटलंडच्या भूमीवर पाय ठेवण्याची ही जवळपास १७० वर्षांतली पहिलीच वेळ. सोहळ्याची सूत्रे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे होती. राजाला किल्ट, म्हणजे स्कॉटिश घागरा, नेसवला गेला, त्याखाली अंगाच्या रंगाची तंग विजार. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली! या गर्दीत जे. एम. डब्ल्यू. टर्नर हा ४७ वर्षांचा चित्रकारही होता. त्याने छोट्या वह्यांत पेन्सिलीने भराभर टिपणे केली आणि या दौऱ्यावर एक चित्रमालिकाच करायचे ठरवले.

मालिका पूर्ण झाली नाही. उरली ती काही अर्धवट तैलचित्रे. त्यातले एक एडिनबराच्या पार्लमेंट हाउसमधल्या शाही मेजवानीचे, महोगनीच्या फळीवर रंगवलेले. जवळून पाहिले तर चेहरे नाहीतच. माणसे म्हणजे रंगाचे ठिपके आणि फटकारे. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

असा कच्चा खर्डा वैज्ञानिकांना पूर्ण चित्रापेक्षा जास्त बोलका वाटतो, असे मला वाटते. पूर्ण चित्रात वरचा थर खालच्याला झाकतो. इथे घाईत टाकलेले पातळ थर उघडेच राहतात, आणि तैलरंग कसा वागतो ते कळायला त्यांची फार मदत होते.

तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची पूड आणि तेल, बहुतेकदा जवसाचे. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचे. हा रंग ‘वाळतो’ म्हणजे त्यातले काही उडून जाते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेते आणि सुरुवातीला त्याचे वजन चक्क वाढते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध, म्हणजे कार्बनच्या अणूंमधल्या दुपदरी जोडण्या, असतात. ऑक्सिजन त्या बंधांच्या शेजारी हल्ला चढवतो, रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाची चिवट जाळी होते. शेंगदाण्याच्या तेलात मुख्यतः एकाच दुहेरी बंधाचे ओलेइक आम्ल असल्याने ते असे घट्ट होत नाही. त्यात रंग कालवला तर चित्र चिकटच राहील. जवसाचे तेल ऑक्सिजन शोषते तेव्हा उष्णताही बाहेर पडते. म्हणूनच जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो.

योगायोग असा की, त्याच वेळी एडिनबरा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारा टॉमस चार्ल्स होप हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएचा सिद्धांत (जळणे म्हणजे ऑक्सिजनशी संयोग) ब्रिटनमध्ये सर्वांत आधी शिकवणाऱ्यांपैकी होता. तेलाच्या दुहेरी बंधांची कल्पना मात्र त्यालाही नव्हती.

तेल असे वाळायला वेळ लागतो, आणि चित्रकाराला इतका धीर कुठला? शिशाची संयुगे ही क्रिया वेगाने घडवतात, म्हणून तेल शिशाच्या संयुगाबरोबर तापवून घेत. असे तेल आणि मस्तकी राळेचे (एका झाडाच्या वाळलेल्या चिकाचे) वॉर्निश एकत्र केले की थोड्याच वेळात त्याची जेली होते. टर्नरला ती प्रिय होती, कारण ब्रशचा फटकारा ओघळत नाही, जिथे मारला तिथेच बसतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते: राळ पिवळी पडते, आणि खालचा थर ओला असताना वरचा कडक झाला तर रुंद भेगा पडतात. हाच दौरा रंगवणारा डेव्हिड विल्की आपल्या चित्रांत डांबरी रंग वापरी. डांबर नीट वाळतच नाही, त्यामुळे त्याच्या कित्येक चित्रांना भेगा गेल्या. होलीरूड राजवाड्यातल्या राजप्रवेशाचे त्याचे चित्र तर १८३० साली लोकांसमोर आले.

तेलाची रासायनिक हालचाल दोनशे वर्षांनीही थांबत नाही. पांढऱ्या रंगातले शिसे आणि तेलातली आम्ले मिळून शिशाचा साबण होतो, आणि त्याच्या बारीक गाठी पृष्ठभागावर डोके वर काढतात. महोगनीची फळी दमट हवेत आडवी फुगते, कोरड्या हवेत आकसते. वरचा जुना रंग तेवढा लवचीक राहिलेला नसतो. म्हणून संग्रहालयात दालनाच्या आर्द्रतेवर नजर ठेवावी लागते.

आता तपासणीसाठी रंग खरवडायची गरज फारशी पडत नाही. अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याला बऱ्याच रंगांच्या आरपार पेन्सिलीच्या रेघा दिसतात, कारण त्यातले ग्रॅफाइट हे किरण शोषून घेते. क्ष-किरण पाडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे किरण परत पाठवते: शिसे म्हणजे बहुधा पांढरा, पारा म्हणजे हिंगुळाचा लाल, शिशाबरोबर क्रोमियम असेल तर क्रोम पिवळा, जो तेव्हा बाजारात नवाच होता. मंजिष्ठाच्या कुळातल्या मॅडरच्या मुळापासून केलेला लाल मात्र या यंत्राच्या हाती सहसा लागत नाही. तो मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि इतकी हलकी मूलद्रव्ये त्याला दिसत नाहीत. उजेडात हा लाल विटूही शकतो. त्याची खात्री करायला अजूनही टाचणीच्या टोकाहून लहान नमुना लागतो, आणि तो काढायला कोणताही संग्रहपाल सहजासहजी राजी होत नाही.