शेरी पिंपातली धुरकट माल्ट : आस्वादन

पीटच्या धुरावर वाळवलेल्या सातूपासून गाळलेली आणि शेरीच्या (एका स्पॅनिश द्राक्षमद्याच्या) लाकडी पिंपांत मुरवलेली सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, मोड आलेल्या सातूची) व्हिस्की चाखण्याची रीत. धूर आणि गोडवा एकमेकांवर कुरघोडी करतात, आणि ती कुरघोडी टिपणे हाच या चाखण्यातला खरा खेळ. स्कॉटलंडच्या पश्चिमेचे आयला बेट धुरकट माल्टसाठी प्रसिद्ध आहे (उच्चार मराठी कानाला गमतीचा वाटेल तसाच आहे).

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. त्याच्या धुरातून ग्वायकॉल, क्रेसॉल अशी फिनॉल द्रव्ये मोड आलेल्या सातूत उतरतात. आर्डबेग या आयलावरच्या भट्टीचा ५५ पीपीएम (दहा लाखांत ५५ भाग) हा बहुचर्चित आकडा सातूतल्या फिनॉलचा आहे, पेल्यातल्या व्हिस्कीचा नव्हे. गाळताना आणि मुरताना फिनॉल बरेच घटते. त्यामुळे आकड्यावरून धूर जोखणारा हमखास फसतो.

शेरी स्पेनमधील हेरेझची. पूर्वी ती पिंपांतूनच ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाल्यांना मिळत. १९८० च्या दशकात ती स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम आल्यावर हा ओघ आटला. आता बहुतेक पिंपे व्हिस्कीसाठीच मुद्दाम शेरी भरून मुरवतात. ओलोरोसो या शेरीच्या पिंपातून अक्रोड आणि संत्र्याच्या सालीचा स्वाद येतो, तर पेद्रो हिमेनेझ या गोड शेरीच्या पिंपातून मनुका आणि काकवीचा.

पेला ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता असावा. हुंगताना आपले तोंड किंचित उघडे ठेवावे. आधी आयोडीन, राख, चुलीत भाजलेल्या वांग्याची करपलेली साल. घाई करू नये. दहा मिनिटांनी खजूर-अंजीर वर येतात. मग थेंबभर पाणी. २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपांतून दाखवले की, पाणी घातल्यावर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकते. बर्फाने मात्र वास मिटतात. विझलेल्या काडीचा वास आला तर तो पिंपातल्या गंधकाचा. जरासा असेल तर खपतो, जास्त झाला तर दोषच.

गोव्यातील पॉल जॉन ही भट्टीही धुरकट माल्टसाठी स्कॉटलंडहून पीट आणते. तिथल्या उष्म्यात पिंपातून व्हिस्की भराभर उडते, पण मुरतेही लवकर.

अनेक माल्ट चाखायच्या असतील तर ही शेवटी घ्यावी, कारण तिचा धूर जिभेवरून लवकर हटत नाही. रिकामा पेला न धुता ठेवून सकाळी हुंगावा. मद्यार्क उडालेला असतो आणि तळाशी राख उरलेली असते, कधी मनुकाही.