विद्यापीठात कंत्राटी सहायक प्राध्यापक : अर्ज ‘अपात्र’ का ठरतो आणि कोणता कागद कधी काढायचा

छाननीची यादी लागते, नावापुढे ‘अपात्र’ लिहिलेलं असतं आणि शेरा जेमतेम तीन-चार शब्दांचा : ‘नॉन क्रिमीलेअर वैध नाही’, ‘अनुभव ग्राह्य नाही’, ‘मुदतीनंतर प्राप्त’. उमेदवार एम.एस्सी., सेट, कधीकधी पीएच.डी.सुद्धा झालेला असतो. शिक्षणात काही कमी नसतं. एखादा कागद नसतो, किंवा असतो पण त्याची मुदत संपलेली असते. दरवर्षी सत्र सुरू व्हायच्या तोंडावर आपल्या भागातल्या मुलामुलींचं हेच होताना बघतोय, म्हणून जिथं अडतं तेवढंच सविस्तर लिहितो. बाकीचं जाहिरातीत असतंच.

आधी जाहिरात कोणाची आहे ते बघा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे आपलं उमवि, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं. त्याच्या स्वतःच्या प्रशाळांमधल्या, म्हणजे विद्यापीठ आवारातल्या विभागांमधल्या, जागांची जाहिरात विद्यापीठ काढतं. संलग्न महाविद्यालयातल्या तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे शिकवलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, जागा त्या-त्या संस्थेच्या असतात. दोन्हींचे नियम बरेचसे सारखे, पण अर्ज कुठे द्यायचा, मुलाखत थेट आहे की छाननीनंतर, हे वेगळं. ‘थेट मुलाखत’ असेल तर अर्ज सोबत घेऊन जायचा. तसं लिहिलेलं नसेल तर अर्ज आधी पोहोचलाच पाहिजे, मुलाखतीच्या दिवशी फाईल घेऊन गेलात तर कोणी आत सोडणार नाही.

शैक्षणिक पात्रता थोडक्यात अशी : संबंधित विषयात पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही पात्रता परीक्षा, किंवा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांप्रमाणे झालेली पीएच.डी. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना गुणांत पाच टक्के सवलत, म्हणजे ५० चालतात. २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची नाही. तरीही ‘पीएच.डी. नाही म्हणून अर्जच केला नाही’ म्हणणारे अजून भेटतात. अर्ज करा.

ज्यांची पीएच.डी. आहे पण नेट-सेट नाही, त्यांनी नोंदणीची तारीख बघावी. ११ जुलै २००९ च्या आधी नोंदणी झाली असेल तर नुसतं पदवी प्रमाणपत्र पुरत नाही. पदवी नियमित पद्धतीने मिळाली, प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांनी तपासला, मौखिक परीक्षा खुली झाली, दोन शोधनिबंध छापून आले आणि दोन परिषदांत वाचले, असं पाच अटींचं पत्र कुलसचिव किंवा अधिष्ठात्यांच्या सहीने लागतं. जिथून पीएच.डी. केली ते विद्यापीठ लांबचं असेल तर हे पत्र आजच मागवा. जाहिरात निघाल्यावर मागवलं तर ते येईपर्यंत नेमणूक होऊन दुसरा कोणी वर्गात शिकवत असतो.

गुणपत्रकावर टक्के नसून श्रेणीगुण असतील तर ते टक्क्यांत किती होतात, याचं विद्यापीठाचं पत्र किंवा गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेलं सूत्र जोडा. स्वतः दहाने गुणून पेनाने ‘५७.२ टक्के’ लिहून देणारे आहेत. ते धरत नाहीत. आणि दीक्षान्त समारंभ अजून व्हायचा असेल तर पदवीची वाट बघत बसू नका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र काढून घ्या. ज्यांच्या जुन्या पदवीवर फक्त ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे, ते उगाच घाबरतात. नामविस्तार २०१८ चा आहे, त्याआधीच्या पदवीवर तेच नाव असणार. त्यासाठी कुठलंही शपथपत्र लागत नाही.

नॉन क्रिमीलेअर : अर्धे अर्ज इथंच पडतात

आपण मागासवर्गातल्या सधन थरात मोडत नाही, असं सांगणारं हे प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, मग ते तुम्ही वर्षभराचं काढलेलं असो की तीन वर्षांचं. आता हिशेब मांडा. जाहिरात जूनमध्ये आली. तुमच्याकडचं प्रमाणपत्र मार्चमध्ये संपलं. नवीन काढायचं तर आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, त्याला पंधरा दिवस. मग नॉन क्रिमीलेअर, त्याला एकवीस दिवस. झाले पाच आठवडे, तेही सगळं वेळेत झालं तर. जाहिरातीची मुदत त्याच्या निम्मीसुद्धा नसते. शिवाय त्याच दिवसांत बारावीच्या प्रवेशवाल्यांची रांग सेतू केंद्राबाहेर लागलेली असते आणि सर्व्हर दुपारी बंद पडतो. म्हणून हे काम एप्रिलमध्येच करायचं, जाहिरात असो वा नसो. १ एप्रिलनंतर तलाठ्याकडे जा, मे महिन्यात प्रमाणपत्र हातात असू द्या.

‘अर्ज केल्याची पावती जोडली आहे, प्रमाणपत्र मुलाखतीला देतो’ असं चालत नाही. पात्रता मोजतात ती अर्जाच्या शेवटच्या तारखेला. मुलाखतीच्या दिवसाला नाही. ही ओळ जाहिरातीत बहुधा तळाला, बारीक अक्षरात असते.

दुसरा घोळ उत्पन्नाचा. मर्यादा आठ लाखांची आहे, पण ती लावताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. रावेर-यावलचा केळीवाला बाप सातबाऱ्यावरचं क्षेत्र बघून म्हणतो, ‘आपलं काय होणार नाही, बागायत आहे.’ होतं, भाऊ. शेतीचं उत्पन्न त्या बेरजेत येत नाही. पगारही येत नाही, मात्र आई-वडिलांचं पद बघतात. कोणी थेट वर्ग एकमध्ये लागलेलं असेल तर दाखला मिळत नाही. टेबलावरचा लिपिक सगळं एकत्र करून बेरीज मारत असेल तर वाद न घालता पगार, शेती आणि इतर असं वेगवेगळं लिहिलेला तक्ता अर्जासोबत द्या आणि त्याच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. मुदतीत दाखला मिळाला नाही तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली अपील करता येतं. नुसतं ‘अपील करतो’ म्हटल्यावरही फाईल हलल्याची उदाहरणं आहेत.

तिसरा घोळ लग्न झालेल्या मुलींचा. उत्पन्न आणि पद बघायचं ते आई-वडिलांचं, नवऱ्याचं नाही. जातीचा दाखलाही वडिलांच्याच बाजूने. चोपड्याची मुलगी धुळ्यात दिली असेल तर सासरच्या तहसीलमध्ये खेटे घालून उपयोग नाही, चोपड्यालाच यावं लागतं. खुल्या प्रवर्गातल्या महिलांसाठीच्या राखीव जागेला नॉन क्रिमीलेअरची अट होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. तरी जुन्या नमुन्यातला रकाना अजून अर्जावर दिसतो. तिथं ‘लागू नाही’ लिहा, कोरा सोडू नका.

दाखला नाहीच मिळाला तर? जागा खुली असेल तर खुल्यातून अर्ज करा. पण मग पाच टक्क्यांची सवलतही मिळणार नाही, ५५ हवेतच.

आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही त्या आर्थिक वर्षापुरताच आणि राज्याच्या नमुन्यातला हवा. रेल्वे किंवा बँकेच्या परीक्षेसाठी काढलेला केंद्राचा नमुना इथं जोडू नका.

जात पडताळणी, आणि सुरतेत वाढलेल्यांचं दुखणं

राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागतं. नोकरीसाठी नव्याने पडताळणीला टाकायचं तर जात पडताळणी समिती नियुक्ती देणाऱ्याचं पत्र मागते, आणि नियुक्ती देणारा म्हणतो आधी वैधता आणा. या दोघांच्या मधे उमेदवार भोवऱ्यासारखा फिरतो. म्हणून आधी घरातली लोखंडी पेटी उघडा. बारावी सायन्सला असताना किंवा इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशाला तुमचीच पडताळणी झालेली असू शकते, तीच कामी येते. तुमची नसेल तर सख्ख्या भावाची, वडिलांची, चुलत्याची वैधता शोधा. रक्तनात्यातली वैधता असली की प्रकरण पुष्कळ सोपं होतं.

मूळ पुरावा कोणत्या तारखेआधीचा हवा, हे प्रवर्गानुसार बदलतं. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० साल. त्याआधीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना चौदा (गावातली जन्म-मृत्यूची नोंद), जुनं खरेदीखत, यांतलं काही हवं. झेडपीच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल तर मुख्याध्यापकांकडून तसं लेखी घ्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी अर्ज टाका. अनुसूचित जमातीच्या दाखल्यांसाठी समिती वेगळी असते, आणि तिथं वेळ जास्त लागतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांनी ही वेळ धरूनच चालावं.

आता सुरतेचं. खानदेशातली कितीतरी कुटुंबं पोटापाण्यासाठी उधना-लिंबायतला गेली. मुलं तिथं सातवी-आठवीपर्यंत शिकली, मग गावी परत आली. त्यांचा पहिला शाळेचा दाखला गुजरातीत, त्यावर जातीची नोंद नाही किंवा वेगळ्याच नावाने आहे. तो दाखला लपवून दुसऱ्या शाळेचा जोडला की पडताळणीत ‘प्रथम शाळा कोणती’ विचारतात आणि तिथं फसायला होतं. लपवू नका. त्याचं मराठी भाषांतर साक्षांकित करून जोडा, सोबत वडिलांचा आणि आजोबांचा इथला दाखला लावा. अधिवास प्रमाणपत्राला इथल्या वास्तव्याचा सलग पुरावा लागतो. गावात घर असेल तर घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपून ठेवा.

अनुभव : शिकवलं खरं, पण कागदावर आहे का?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या जागांसाठी छाननीचा जो तक्ता आहे, त्यात पीएच.डी.ला ३० गुण, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला ७, नेटला ५, सेटला ३, आणि अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०. हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच. पण बोलावणंच आलं नाही तर पुढचं काय?

तासिकेवर पाच-सहा वर्षं काढलेल्यांचा अनुभव शून्य धरला जातो तो इथं. प्राचार्यांनी ‘सदर उमेदवाराने आमच्या महाविद्यालयात समाधानकारक काम केले’ असं लिहिलेलं असतं. समाधान कोणाला हवंय? कधीपासून कधीपर्यंत, कोणता विषय, पदवी की पदव्युत्तर, आठवड्याला किती तासिका, हे हवंय. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या वर्षीच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता. दरवर्षीचं मान्यतापत्र वेगळं असतं. अनेकांना ते असतं हेच माहीत नसतं, कारण ते महाविद्यालयाकडे येतं आणि तिथल्या कपाटात राहतं. सत्र संपताना आस्थापना विभागातून त्याची प्रत मागा. संस्थेशी पुढे बिनसलं की मागणं अवघड जातं. एका तालुक्याच्या ठिकाणी एका बाईंना चार वर्षांच्या मान्यतापत्रांसाठी माहितीचा अधिकार वापरावा लागला, आणि ती पत्रं निघाली शिपायाच्या टेबलाखालच्या गठ्ठ्यातून.

कुठे पूर्णवेळ नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते देण्यात संस्था दिरंगाई करते. अर्जाची एक प्रत ‘आगाऊ प्रत’ म्हणून थेट पाठवा, दुसरी संस्थेमार्फत पाठवा, आणि संस्थेला दिलेल्या पत्राची पोच जपा.

शेवटची तारीख म्हणजे कोणती?

बऱ्याच जाहिरातींत दोन तारखा असतात : ऑनलाईन अर्ज भरण्याची आणि छापील प्रत कागदपत्रांसह पोहोचण्याची. पोहोचण्याची म्हणजे टपालात टाकण्याची नव्हे. त्या दिवशी कार्यालयीन वेळेत तिथल्या आवक विभागात शिक्का पडला पाहिजे. ‘टपालाच्या विलंबास विद्यापीठ जबाबदार नाही’ ही ओळ त्यासाठीच असते. अजून काही जाहिरातींत ‘नोंदणीकृत टपालाने’ असं छापतात, पण २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे. खिडकीवर स्पीड पोस्ट करा, पावती ठेवा, गोंधळून परत येऊ नका. शेवटचे तीन-चारच दिवस उरले असतील तर टपालाच्या भरवशावर न राहता स्वतः जा किंवा जळगावच्या ओळखीच्या कोणाला पाठवा, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. लिफाफ्यावर जाहिरात क्रमांक, विषय आणि प्रवर्ग लिहायचा राहिला तर पाकीट भलत्याच विभागात फिरतं.

शुल्क भरताना पैसे कापले गेले आणि पडद्यावर ‘प्रलंबित’ आलं, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दुसऱ्या दिवशी स्थिती बघा. अर्थात हे शेवटच्या रात्री बारा वाजता करणाऱ्याला दुसरा दिवसच उरत नाही.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मागितलं असेल तर तारीख लक्षात ठेवा : २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण संख्या दोनपेक्षा जास्त होत असेल तर अडचण येते. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र जोडावं. दहावीला ‘सुनंदा’, सेटला ‘सुनंदाबाई’ असं असेल तरीही राजपत्रच काढलेलं बरं, स्टॅम्पवरचं शपथपत्र प्रत्येक ठिकाणी मानतीलच असं नाही. प्रतींवर स्वतःची सही चालते, राज्य शासनाने २०१५ मध्येच ते मान्य केलंय. तरी जाहिरातीत राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागितली असेल तर घेऊन टाका, तिथं नियम सांगत बसायला वेळ नसतो.

मुलाखतीला मूळ कागदपत्रं आणि प्रतींचे दोन संच, अर्जात ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने. विद्यापीठ जळगाव शहराबाहेर, धुळ्याच्या महामार्गावर आहे. नवापूर-तळोद्याकडून येणाऱ्यांनी आदल्या रात्री जळगावात मुक्काम करावा. सकाळच्या पडताळणीत नाव पुकारलं तेव्हा हजर नसाल तर दुपारच्या मुलाखतीला बसू देतीलच असं नाही, आणि नेमणूक साधारण अकरा महिन्यांचीच असल्यामुळे पुढच्या वर्षी हीच फाईल पुन्हा लागणार आहे.