स्पाउस व्हिसा ते आयएलआर : एका वर्षाची पाच वर्षं कशी झाली

ब्रिटनमध्ये नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर गेलं की पाच वर्षांनी आयएलआर (इन्डेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे तिकडे कायम राहायचा परवाना), हे आता सगळ्यांना पाठ आहे. फॉर्म कुठला, बँक स्टेटमेंट किती महिन्यांचं, लाइफ इन द यूके टेस्टला २४ पैकी १८ बरोबर लागतात, हे कुठेही वाचायला मिळतं. पण लग्न करून आत्ता निघालेल्या मुलामुलींना वाटतं की हे पूर्वीपासून असंच आहे, आणि ते खरं नाहीये. मार्च २००३ पर्यंत एक वर्ष पुरायचं. १ एप्रिल २००३ पासून दोन झाली. ९ जुलै २०१२ ला दोनाची थेट पाच.

त्याआधीचा काळ संशयाचा होता. १९७९ मध्ये लग्नासाठी दिल्लीहून आलेल्या एका ३५ वर्षांच्या शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी केली गेली, ती बातमी फुटली तेव्हा इकडे केवढा संताप उसळला होता. १९८० च्या नियमांत नवऱ्यांसाठी अट आली की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नसावा, आणि १९८३ पासून ते अर्जदारानेच सिद्ध करायचं. आता घरच्यांनी पाहून ठरवलेल्या लग्नात हेतू कसा सिद्ध करणार? १९८५ मध्ये तीन बायका स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टात जिंकल्या, कारण पुरुषाला बायको सहज आणता यायची आणि बाईला नवरा आणता येत नव्हता. सरकारने भेदभाव मिटवला, पण कसा, तर बायकांनाही तीच कडक अट लावून. जून १९९७ मध्ये ती गेली एकदाची.

पण आजचं सगळं चित्र ठरलं ते २०१२ मध्ये, आणि त्यातही एका आकड्याने: १८,६०० पाउंड.

ब्रिटनमधल्या जोडीदाराची वर्षाची कमाई किमान एवढी हवी, नाहीतर व्हिसा नाही. ब्रिटिश नसलेलं एक मूल सोबत असेल तर २२,४००, पुढच्या प्रत्येक मुलामागे आणखी २,४००. आकडा ठरवताना हिशोब असा होता की दोन माणसांच्या घराला एवढ्या उत्पन्नानंतर सहसा सरकारी भत्ते लागत नाहीत. ऐकायला ठीक वाटतं, पण तेव्हा किमान वेतन ताशी ६.०८ पाउंड होतं, म्हणजे आठवड्याला ४० तास वर्षभर एकही सुट्टी न घेता राबलं तरी साडेबारा हजारांच्या जरा वर. दुकानात, केअर होममध्ये, किचनमध्ये काम करणारा माणूस प्रामाणिकपणे पूर्णवेळ नोकरी करतोय आणि तरी त्याला स्वतःच्या बायकोसोबत राहता येत नाही, ही गोष्ट मला आजही पटत नाही. आणि येणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर ‘सरकारी निधीचा आधार नाही’ ही अट आधीपासून होतीच की! म्हणजे तिला भत्ते मिळणारच नव्हते.

सगळ्यात जास्त गोंधळ कमाई कोणाची धरायची यावर झाला. पुण्यात चांगल्या पगारावर असलेल्या बायकोचा पगार पहिल्या अर्जात शून्य धरला जायचा, कारण तिकडे गेल्यावर तिला नोकरी मिळेलच असं नाही म्हणे. सासऱ्यांनी मदतीची हमी दिली तरी चालायची नाही. बचत चालायची, पण पहिले १६,००० सोडून उरलेल्याला अडीचने भागायचं, म्हणजे कमाईच नसेल तर ६२,५०० पाउंड आणि तेही सहा महिने खात्यात पडलेले. ब्रिटिश जोडीदार भारतातच राहत असेल तर इथली कमाई तेवढी हवी आणि शिवाय परतल्यावर तीन महिन्यांत सुरू होणारी तिकडची नोकरी हातात हवी. पूर्वी, चार वर्षं परदेशात एकत्र संसार केलेल्या जोडप्याला जातानाच कायमचा परवाना मिळू शकत होता, तीही सोय ९ जुलै २०१२ लाच बंद झाली.

कोर्टात हे प्रकरण साडेतीन वर्षांहून जास्त लटकलं. २०१३ मध्ये हायकोर्ट म्हणालं या सगळ्या अटी मिळून फार जाचक आहेत, २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः चालेल, पण मुलांच्या हिताचा विचार नियमांत नीट झालेला नाही आणि उत्पन्नाचे दुसरे मार्ग सरसकट नाकारणंही बरोबर नाही. त्या ऑगस्टमध्ये नियम थोडे सैल झाले, तेही अपवादात्मक परिस्थितीपुरते.

आता एक शब्दांचा घोळ. आपण सगळे सरसकट पीआर म्हणतो, पण ब्रिटनच्या स्वतःच्या कायद्यात स्पाउससाठी पीआर नाहीच, तो आयएलआर. पर्मनंट रेसिडन्स ही युरोपियन युनियनच्या कायद्यातली, तिथल्या देशांच्या नागरिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असलेली संज्ञा होती, २००६ च्या नियमांपासून ती तिथे वापरात होती आणि तो रस्ताच पूर्ण वेगळा होता: उत्पन्नाचा आकडा नाही, इंग्रजीची परीक्षा नाही, फी अगदी किरकोळ. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्या गोवेकरांच्या भारतीय नवरा-बायकोंना हा रस्ता मिळाला, आणि शेजारच्या घरातल्या ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला मात्र १८,६०० दाखवावे लागले. म्हणजे आपल्याच देशात ब्रिटिश माणसाचे हक्क कमी! म्हणून काही ब्रिटिश लोक काही महिने आयर्लंडला जाऊन नोकरी करायचे आणि जोडीदाराला घेऊन युरोपियन नियमाने परत यायचे. याचा आधार होता १९९२ चा एक निकाल, ज्यात भारतीय नवरा आणि ब्रिटिश बायको जर्मनीत काम करून परत आले होते. ब्रेक्झिटमुळे ३१ डिसेंबर २०२० ला युरोपियन देशांशी असलेला मुक्त संचार संपला आणि हा रस्ता बुजला. युरोपियन लोकांच्या कुटुंबांना मिळालेलं सेटल्ड स्टेटस ही तिसरीच चीज, त्याचे नियम वाचून स्पाउसचा अर्ज भरू नका.

पाच वर्षांमुळे आणखी एक झालं: एकाऐवजी दोन व्हिसे, आधी ३३ महिने, मग ३० महिने, आणि प्रत्येक वेळी पैसे. एप्रिल २०१५ मध्ये आरोग्य अधिभार (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) वर्षाला २०० पाउंडने सुरू झाला, फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ आहे, म्हणजे दोन्ही व्हिसांचे मिळून साधारण ५,७०० पाउंड फक्त अधिभाराचे. आयएलआरची फी एप्रिल २०२५ मध्ये ३,०२९ झाली. आणि ज्या घरात मारहाण आहे तिथे पाच वर्षं व्हिसा नवऱ्याच्या मुठीत राहणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. अशा बाईला स्वतंत्रपणे आयएलआर मागता येतो, २००२ पासून नियमात आहे, पण हे किती जणींना माहीत असतं?

११ एप्रिल २०२४ ला १८,६०० चे २९,००० झाले. मुलांसाठीची वाढीव रक्कम गेली, पण फक्त बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पाउंड. पुढे ३८,७०० पर्यंत न्यायचं ठरलं होतं ते २०२४ मध्येच आलेल्या नव्या सरकारने थांबवलं. त्या तारखेआधी अर्ज करून या व्हिसावर आलेल्यांना, जोडीदार तोच असेल तर, मुदतवाढीला आणि आयएलआरला जुनाच आकडा लागतो, हे कृपया लक्षात ठेवा, उगाच घाबरून दुसरी नोकरी धरलेली माणसं मी पाहिली आहेत. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत बाकीच्यांसाठी पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव आला, त्यात ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठी पाचच ठेवली आहेत.